भिंतीकडे तोंड केलेले कर्णे

चाचांनी कधी कुणाला सरळ बोट दाखवलेलं मी पाहिलं नाही. कशेळ्याला जीप स्टँडला लागून त्यांचं दुकान होतं. अशा जागी दुकान असलं की दिवसातून दहा माणसं वाट विचारणारच. चाचा उजव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरात दुमडायचे आणि त्या दुमडलेल्या बोटाने हवेत दार ठोठावल्यासारखं करायचे. मुरबाडला निघालेला माणूस त्यामुळे कर्जतच्या जीपमध्ये जाऊन बसलेला मी स्वतः दोनदा पाहिला आहे. चाचांना त्याचं काही वाटायचं नाही. "पोचंल," म्हणायचे. "पोचायचं असंल तर पोचंल."

हे तसं आम्हा सगळ्यांनाच लहानपणी शिकवलेलं असतं. माझं घर लोधिवलीचं. परसातल्या वेलाला कोवळी काकडी धरली की आई बजावायची, तिला बोट दाखवू नको, कुजेल. दाखवायचीच तर बोट वाकडं करून दाखव. चुकून सरळ दाखवलं गेलं तर तेच बोट दाताखाली धरायचं. मोठं होता होता हे मागे पडतं. चाचांचं पडलं नव्हतं. त्यांनी ते काकडीवरून उचलून सगळ्या जगाला लावलं होतं. पक्ष्याचं घरटं, गाभण शेळी, नवी सून, दुसऱ्याचं नवं घर, कशालाच सरळ बोट नाही.

त्यांचा मूळ धंदा लाऊडस्पीकरचा. आजूबाजूच्या गावांतली लग्नं, हळदी, उरूस, गणपती, ग्रामसभा, सगळीकडे आवाज चाचांच्या दुकानातून जायचा. पुढे भिंतीएवढे डबे लादून डीजेवाल्यांचे टेंपो फिरायला लागले आणि चाचांचं सामान दुकानातच राहिलं. मग ते मोबाइल दुरुस्त करायला बसले. जुने पत्र्याचे कर्णे मात्र त्यांनी विकले नाहीत. मागच्या फळीवर ते ओळीने मांडलेले असायचे, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. धूळ बसू नये म्हणून असेल असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाले, "तोंड आपल्याकडं ठेवलं तर ऐकत बसतात."

"कोण?"

"हेच. बोलायचं काम गेलं, आता करणार काय? ऐकणार."

हसून म्हणाले असते तर मीही हसले असते. पण ते एका फोनच्या तारेला सोल्डरचा डाग देत होते आणि मान वर न करता बोलले. त्या दिवसापासून मी त्या दुकानात आवाज बारीक करून बोलायला लागले, आणि हे माझं मलाच फार उशिरा कळलं.

दुकानाच्या मागेच घर. पडदा सारून चाची चहा घेऊन यायच्या. त्यांना ऐकू येत नसे, तरुणपणीच कान गेले होते. आयुष्यभर आवाज विकणाऱ्या माणसाच्या बायकोला ऐकू येऊ नये याचं मला सुरुवातीला वाईट वाटलं होतं. मग पाहिलं, ती दोघं हातांनी इतकं बोलायची की आमचंच बोलणं कमी पडावं. चाची कधी कधी नुसता हात कर्ण्याच्या पत्र्यावर ठेवून उभ्या राहायच्या. "जीप आली," म्हणायच्या, आणि थोड्या वेळाने खरंच वळणावर जीप दिसायची.

चाचांचं एक वाक्य ठरलेलं होतं. बोलता बोलता एकदम हात वर करायचे. "ऐकलंस? थांबला." काय थांबलं ते सांगायचे नाहीत. मग माझ्या ध्यानात यायचं की इतका वेळ काहीतरी वाजत होतं आणि आता वाजत नाहीये. कधी पिठाची गिरणी असायची, कधी कुणाच्या विहिरीवरचा पंप. एका दुपारी मात्र त्यांनी असाच हात वर केला, "थांबला" म्हणाले, आणि मला काही केल्या सापडेना. गिरणी चालू होती. पंप चालू होता. जीपवाले नेहमीसारखे ओरडत होते. तरीही काहीतरी कमी झालं होतं, ते मलाही जाणवत होतं. चाचांनी हात खाली घेतला आणि परत स्क्रू शोधायला लागले.

मी त्यांच्याकडे गेले ते पक्ष्यासाठी. त्याआधी काही वर्षं मी नवी मुंबईत लोकांना जेवण मागवायची ॲप डिझाइन करत होते. माणसाला विचार करायला न लावता बटण दाबायला लावणं, एवढीच माझी विद्या. तिचा कंटाळा आला म्हणून कर्जतच्या एका छोट्या संस्थेत लागले. धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या नोंदी गावकऱ्यांनी आणि डोंगरात येणाऱ्या लोकांनी कराव्यात यासाठी त्यांना ॲप हवं होतं. गुराख्याला जमेल, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाईला जमेल, वाचता न येणाऱ्याला जमेल, रेंज नसताना चालेल असं. मी जीव ओतून केलं ते. बटणं अंगठ्याएवढी, अक्षरांऐवजी चित्रं.

आम्हाला सगळ्यांत जास्त ओढ होती रानपिंगळ्याची. दिवसाउजेडी फिरणारं हे छोटंसं घुबड एकेकाळी संपलंच असं अभ्यासक धरून चालले होते, इतकं दुर्मीळ. कशेळ्याच्या वरच्या एका दरीत दिवसा घुबड बोलतं असं संस्थेच्या जुन्या वहीत कुणीतरी लिहून ठेवलं होतं. वस्तीवर चौकशी केली तर सगळ्यांनी एकच सांगितलं, "स्पीकरवाल्या चाचांना विचारा. तो पक्षी त्यांच्याशी बोलतो."

मी ॲप उघडून फोन चाचांपुढे ठेवला. त्यांनी तो आधी कानाला लावला. काहीच वाजत नव्हतं. मग पडद्याकडे पाहिलं. दोन मोठी बटणं होती. डोळ्याचं चित्र म्हणजे पाहिला, कानाचं चित्र म्हणजे ऐकला.

"नाय ऐकला, त्याचं बटन कुठं हाय?"

"चाचा, ऐकलाच नाही तर नोंद कशाची करायची?"

"गेलो, नाय ऐकला. परत गेलो, नाय ऐकला. ही नोंद नाय? माणूस गेला की आपण दिवस धरतो. पक्षी कुठल्या दिवशी गेला ते कुणाला म्हाईत हाय का?"

मी ते वहीत लिहून घेतलं. वरिष्ठांना पुढे विचारलं तर म्हणाले, लोकांना गोंधळात टाकू नका, दोनच बटणं बरी.

चाचांनी कानाचं बटण दाबलं. नकाशा उघडला आणि दुकान होतं तिथे तांबडी टाचणी येऊन रुतली. त्यांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"हे काय?"

"जागा. कुठे ऐकला ती जागा आपोआप लागते."

"हे बोट हाय, बाय," चाचा म्हणाले. "सरळ बोट."

मी त्यांना पटवायला पाहिलं. जागाच कळली नाही तर वाचवायचं काय? म्हणाले, "आजवर जे गेलं ते जागा कळली म्हणूनच गेलं." हट्टी माणूस, असं मनात म्हणत मी चहा संपवला.

हट्टाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी न विचारता. विशीत असताना त्यांच्याकडे एक माणूस आला होता. चांगल्या घरचा, गळ्यात दुर्बीण. पिंगळ्याची ढोली दाखव म्हणाला. "मी दाखवली. अशी नाय," दुमडलेलं बोट माझ्यापुढे धरत चाचा म्हणाले, "सरळ. आठ दिवसांनी गेलो. झाड होतं, ढोली होती. आत हात घातला तर थंडगार. पिसूक पण नाय. तवापासून हे सरळ होत नाय."

आपलं बोलायची रीत, असं समजून मी मान हलवली. चाचांनी हात पुढे केला. "कर सरळ."

मी ते बोट धरलं आणि ओढून पाहिलं. हाड मोडेल अशी भीती वाटेपर्यंत ओढलं. ते सरळ झालं नाही. चाचांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, जसं काही ते बोट दुसऱ्या कुणाचं होतं.

तरी मी आवाज मागितलाच. पक्षी ओळखायचा तर त्याची साद लोकांनी आधी ऐकलेली हवी, आणि मला ती इथलीच हवी होती, दुसऱ्या मुलखातली नको. चाचांनी माझा रेकॉर्डर मागून घेतला. अट एकच, जागा विचारायची नाही. दुकान तीन दिवस बंद होतं. मी चाचींना हातांनी विचारलं, कुठे गेलेत? त्यांनी वरच्या डोंगरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला पन कदी नाय सांगितलं. भाकरी बांधून नेलीय."

चौथ्या दिवशी चाचांनी अर्ध्या मिनिटाचा तुकडा माझ्या फोनवर टाकून दिला. "रेकॉर्डर राहू दे थोडं दिवस," म्हणाले. मी हेडफोन लावला. दोन सूर होते, पहिला आखूड, दुसरा लांबवलेला. आणि शेवटी घशात काही अडकावं तसा एक बारीक ठसका. वारा नाही, पानांची सळसळ नाही, इतका स्वच्छ. किती जवळ जाऊन बसला असेल हा माणूस, असं वाटून माझे डोळे भरून आले. मी त्यांना तसं म्हणालेही. चाचा म्हणाले, "लई जवळून घेतलाय."

त्या तुकड्याचं मी हिरवं बटण केलं. आवाज ऐका. एकदा दाबलं की पुरे. स्वस्तातल्या फोनवरही नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवून घेतला. लोक जंगलात जाऊन वाजवत बसणार नाहीत ना, असं संस्थेतल्या एका ताईंनी विचारलं होतं. मी तळाशी बारीक अक्षरांत सूचना टाकली. बारीक अक्षरं कुणी वाचत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण त्या बटणाचा मला अभिमान होता, आणि अभिमान असला की माणूस सोयीचं तेवढंच आठवतो.

ॲप लोकांच्या हातात गेलं. पहिली तांबडी टाचणी कशेळ्याच्या वरच्या दरीत उमटली. आम्ही ऑफिसात पेढे वाटले. मग तिच्या शेजारी दुसरी आली. मग डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर, मग पुढच्या दरीत. दर शनिवारी-रविवारी नकाशा लाल होत जायचा. पाऊस सरल्यावर तर त्या टाचण्या खालापूरच्या बाजूच्या टेकड्यांवर उतरल्या. संपत आलेला पक्षी परत येतोय, असं आमचे वरिष्ठ मीटिंगमध्ये बोलायला लागले. पाहिला असं बटण मात्र कुणीच दाबत नव्हतं. सगळ्यांनी नुसता ऐकला होता. मला ते खटकलं नाही. लाजाळू असेल, म्हटलं.

एका रविवारी आई फोनवर म्हणाली, "काल आपल्या वरच्या माळावर तुझा पक्षी वरडत होता गं."

लोधिवलीच्या माळावर. मी लहानपणापासून तिथे शेळ्यांमागे फिरले आहे. उघडा दगड आणि गवत, घुबडाने ढोली करावी असं एक झाड नाही. "कसा ओरडत होता?" मी विचारलं. आईने करून दाखवलं. आखूड, लांब, आणि शेवटी तो ठसका. माझ्या आईच्या घशातून तो आवाज निघालेला मला बिलकूल आवडला नाही.

पुढच्या शनिवारी मी एकटी दरीत गेले. सकाळची कोवळी उन्हं होती, साग झडायला लागले होते. एका खडकावर बसले आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. माझं स्वतःचं हिरवं बटण दाबलं.

समोरच्या उतारावरून उत्तर आलं.

परत दाबलं. परत उत्तर आलं. मी झाडांच्या आडून, पाय न वाजवता, ओढा ओलांडून त्या बाजूला गेले. अर्धा तास लागला असेल. पळसाच्या झाडाखाली एक नवराबायको बसले होते. मुंबईहून आलेले, पाठीवर सॅक, दोघांचे चेहरे फुललेले. "हळू," ती बाई मला कुजबुजली. "समोरच्या खडकावर आहे. आम्ही वाजवलं की लगेच बोलतो." तिच्या हातात माझं ॲप होतं. तिने 'ऐकला'ची नोंद करून टाकली होती. मीही ओढ्यापलीकडून केली होती.

समोरच्या खडकावरून वाजवत होते ती मीच, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. फोन खाली ठेवा म्हटलं, त्यांनी ठेवले. आम्ही तिघं गप्प उभे राहिलो. तेवढ्यात दरीच्या तोंडाकडून साद आली, आखूड, लांब, ठसका. तिच्यावर वरच्या कड्याखालून एक आली. मग डावीकडून एक. प्रत्येकीच्या शेवटी तोच ठसका, तेवढाच, तिथेच. सगळी दरी एकमेकांना हाका मारत होती आणि तिच्यात पक्षी नव्हता. ती बाई नवऱ्याचा दंड धरून म्हणाली, चल इथून. मला त्यांच्यामागोमाग पळत सुटावंसं वाटलं. मी सरळ पळालेच, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन दुसऱ्या मुलखातली रेकॉर्डिंगं काढून ऐकली. ठसका कुठल्याच रानपिंगळ्याला नव्हता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तो तुकडा बारकाईने ऐकला तर सुरू होण्याआधी ओठ सुटल्याचा आवाज होता. माणसाच्या ओठांचा.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तेव्हा माझा आवाज बारीक नव्हता. "चाचा, तो पक्षी नव्हता. तो तुम्ही होता."

"व्हय," चाचा म्हणाले.

"का?"

"खरा दिला असता तर तो आला असता." त्यांनी हातातला फोन उलटा ठेवला. "त्याला वाटलं असतं, दुसरा आलाय माझ्या रानात. भांडायला उघड्यावर आला असता. रोज. शंभर जण बटन दाबतील, शंभर वेळा आला असता. खानार कधी, पिल्लांना भरवनार कधी? म्हनून शेवटी येक खोट घातली. त्याला कळतं हा आपला नाय. गप बसतो."

"म्हणजे तो आहे?"

चाचांनी दुमडलेलं बोट वर केलं, हवेत कुठेतरी ठोठावलं आणि खाली घेतलं.

मला संताप आला. एवढ्या लोकांनी केलेल्या नोंदी, माझं काम, संस्थेची अब्रू, सगळं एका म्हाताऱ्याच्या घशावर उभं होतं. मी त्यांना म्हणाले, "तुम्ही फसवलंत मला." ते म्हणाले, "व्हय, बाय." समजूत घातली नाही, माफीही मागितली नाही. मी चहा न घेता उठले. पडद्याआड चाची कप हातात घेऊन उभ्या होत्या.

ऑफिसात सगळं सांगितलं. जी बसायची ती बोलणी बसली. हिरवं बटण काढलं, नकाशा कोरा केला. जुनं ॲप कुणाच्या फोनमध्ये चालूच राहू नये म्हणून तेही बंद पाडलं. आता लोक वाजवणार नव्हते आणि नोंदीही जवळपास थांबल्या. महिन्यांमागून महिने नकाशा पांढरा. वरिष्ठ म्हणाले, मुळात तिथे काही नव्हतंच, म्हाताऱ्याने सगळ्यांनाच खेळवलं. मीही तेच म्हणत होते. पण हातात काम नव्हतं, म्हणून एका दुपारी कुणाला न विचारता मी तिसरं बटण करून टाकलं. कानाचं चित्र आणि त्यावर आडवी रेघ. नाही ऐकला. नवीन ॲपबरोबर ते गेलं आणि कुणी काही बोललं नाही.

ते चाचांना दाखवायचं होतं. आज जाते, उद्या जाते, असं करत राहिले. राग गेला होता, पण आधी कुणी जायचं हा हट्ट होता, आणि तो माझा होता. त्यातच कशेळ्याच्या एका जीपवाल्याने सांगितलं की चाचा गेले, चार दिवस तापाचं निमित्त झालं. दफन होऊन आठवडा झाला होता. मला कुणी कळवलं नाही, कळवायचं कारणही नव्हतं. मी स्टँडच्या मागे जाऊन रडले.

चाचींनी मला पाहिलं आणि हाताला धरून आत नेलं. कर्णे तसेच होते, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी कपाटातून माझा रेकॉर्डर काढला. "तुझी चीज हाय. म्हनत होते, ती येनार, तिलाच दे." मग तो तळहातांत धरून म्हणाल्या, "मी रोज लावते. मला ऐकू येत नाय. पन हाताला लागतो. ह्ये ह्यात बसलेत."

मी निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. मय्यताला गुसल देणारे, शेवटची अंघोळ घालणारे पुरुष बाहेर येऊन त्यांना खुणेने म्हणाले होते की चाचांचं बोट सरळ झालंय. "पयल्यांदा," चाची म्हणाल्या. त्यांनी स्वतःचं बोट सरळ करून पाहिलं आणि लगेच मिटून घेतलं.

रेकॉर्डरवर तीन दिवस होते. मी ते तुकड्यातुकड्याने ऐकले. बहुतेक काहीच नाही. वारा, माश्या, लांबवर गुरांच्या घंटा, चाचांचा श्वास. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी श्वासही थांबतो. मग दोन सूर येतात. आखूड, लांब, आणि बस. ठसका नाही. मागे पानं हलताहेत, अंतर आहे, हवा आहे. परत येतात. चाचा त्याला उत्तर देत नाहीत. नुसते ऐकतात. साद बंद झाल्यावर बऱ्याच वेळाने त्यांचा कुजबुजता आवाज येतो, अगदी माझ्या कानाशी, "ऐकलंस? थांबला."

ते कुणाला म्हणाले? तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी तो तुकडा परत कधी लावला नाही. पण खरी साद आता माझ्या हातात होती. ती ऑफिसात दिली असती तर माझं गेलेलं नाव परत आलं असतं, पांढऱ्या नकाशावर टाचणी लागली असती, आणि पुढच्या शनिवारी दरीत माणसं. रेकॉर्डर मी कपाटात ठेवला. ठेवताना त्याच्या माइकची जाळी भिंतीकडे केली, आणि आपण काय केलं ते मागाहून लक्षात आलं.

गेल्या थंडीत एका सकाळी, आठवड्याच्या मधल्या वारी, मी दरीत गेले. गर्दीचा दिवस नको होता. फोन पिशवीत बंद. त्याच खडकावर बसले. ऊन वर आलं, माश्या घोंघावायला लागल्या. मी काहीच वाजवलं नाही, कुणाला हाक मारली नाही.

समोरच्या कड्यावरून साद आली. आखूड, लांब, आणि शेवटी ठसका.

ते बटण बंद पाडून वर्ष उलटलं होतं. असेल कुणाच्या तरी फोनमध्ये उतरवून ठेवलेलं, मी स्वतःला समजावलं. पण त्या कड्याला वाट नाही, तिथे माणूस उभा राहायला जागा नाही. मी भ्याले होते. तरी या वेळी पळाले नाही, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. एकदाच आला. मग सगळी दरी गप्प झाली, माश्यासुद्धा.

आणि माझ्या अगदी डोक्यावर, सागाच्या वाळक्या फांदीतून, दोन सूर आले. आखूड, लांब. ठसका नव्हता. मागे पानं हलत होती.

मी वर पाहिलं नाही. मान न उचलता, नमाज पढणाऱ्या माणसाच्या मागून जावं तशी, हळूच खडकावरून उतरले. दरीच्या तोंडाशी आल्यावर फोन चालू केला, ॲप उघडलं. तीन बटणं समोर होती. बोट आपोआप दुमडलं गेलं. त्या दुमडलेल्या बोटाच्या पेराने मी 'नाही ऐकला' दाबलं आणि कशेळ्याची वाट धरली.